चारठाण्याची चार ठाणी

जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं गाव आहे, जुन्या देवळांसाठी आणि दीपमाळेसाठी माहीत असलेलं. गावात पोलीस ठाणंही आहे. समजा, तालुक्याच्या वार्ताहरानं 'चारठाणा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल' अशी साधी बातमी धाडली. दूरच्या शहरात पान लावणाऱ्या उपसंपादकाला ते दोनदा आलेलं 'ठाणं' खटकलं, की तो भाषा साफसूफ करणार आणि शेळी चोरणाऱ्या एकाच इसमावर 'चार पोलीस ठाण्यांत गुन्हे' दाखल होणार! वाक्य शुद्ध, व्याकरण चोख, बातमी खोटी.

आपण हसतो ते मात्र अक्षरांच्या चुकांना. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा कंपॉझिटर उलटी अक्षरं वाचत केसमधला एकेक खिळा स्टिकमध्ये रचायचा. काम झालं की खिळे परत ज्याच्या त्याच्या घरात. 'घ' चुकून 'ध'च्या घरात पडला, की पुढच्या अंकात 'धन'चं 'घन' ठरलेलं. बाहेर आलेली वेलांटी दाबाखाली तुटायची ती निराळीच. आधीच्या प्रतींत शब्द धडधाकट, नंतरच्यांत लंगडा.

संगणक आला, खिळे वितळले, मुद्राराक्षस तेवढा शिल्लक राहिला. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो 'र्' बनून आधी येतो. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलट. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना ही अदलाबदल फसली, की 'मार्च'चा 'माच' आणि 'वर्ष'चं 'वष'. ८ मार्चला 'महिला दीन' साजरा करणाऱ्यांना मात्र फॉन्टची सबब नाही. ५ सप्टेंबरचा 'शिक्षक दीन' तर विनाअनुदानित शाळांत चूक म्हणवत नाही.

या चुका डोळ्यांत भरतात, म्हणून निरुपद्रवी. आकड्यांचं तसं नसतं. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचा एकूण साठा सुमारे ९३४ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. कृष्णा-भीमेकडची धरणं टीएमसीत मोजतात, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. या हिशेबानं येलदरीत ३३ टीएमसी पाणी मावतं. आकडा तोच ठेवून एकक तेवढं बदललं, तर जिंतूर तालुक्यात जवळजवळ नऊ कोयना उभ्या राहतात. ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या प्रूफरीडरला यात वावगं काहीच दिसणार नाही.

१६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलात एक नकार गळाला आणि 'व्यभिचार करू नकोस'ऐवजी 'व्यभिचार कर' अशी थेट देवाज्ञा निघाली. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, परवानाही गेला. तिथंही वाक्य कसं ठणठणीत होतं पाहा.

आपल्याकडचा कळस २२ मार्च १९७९चा. जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीनं बातमी दिली. जयप्रकाश गेले ते त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. खुद्द पंतप्रधान सांगताहेत म्हटल्यावर पडताळणार कोण?

चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती तत्परतेनं आणि ठळकपणे छापावी, असं भारतीय वृत्तपत्र परिषदेचे संकेत सांगतात. पण दुरुस्ती व्हायला कुणीतरी कळवावं लागतं. तेव्हा मंडळी, चुकीच्या बातमीचा फोटो ग्रुपवर जरूर फिरवा, हसा; त्याचबरोबर तारीख आणि पान क्रमांक टाकून संपादकांना दोन ओळीही लिहा.