आवाजातून दिसणारे हृदय

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या शेतांत खोल विहिरी असतात. विहिरीच्या काठावरून हाक मारली, तर तीच हाक परत ऐकू येते. याला प्रतिध्वनी म्हणतात. याच युक्तीने डॉक्टर आपले हृदय पाहतात, हे तुम्हाला खरे वाटेल का?

माणसाला साधारणपणे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांचा आवाज म्हणजे श्राव्यातीत ध्वनी. डॉक्टर छातीवर एक छोटे यंत्र टेकवतात. त्यातून हा ध्वनी आत जातो, हृदयाच्या भिंतींवर आपटून परत येतो आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी या तपासणीची सुरुवात केली. त्यांनी वापरलेले यंत्र मुळात धातूमधील दोष शोधण्याचे होते!

आज दवाखान्यात या तपासणीला 'टू डी इको' म्हणतात. 'टू डी' म्हणजे द्विमितीय, सपाट. संत्र्याची एकच चकती पाहून आत किती बिया आहेत, हे सांगता येईल का? डॉक्टरांनाही अशी अनेक चित्रे मनात जुळवावी लागतात. नवी यंत्रे त्रिमितीय चित्र तयार करतात. पण तेही सपाट पडद्यावरच दिसते.

आता एक प्रयोग करा. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवा. कठीण जाते ना? दोन्ही डोळ्यांना थोडी वेगळी चित्रे दिसतात, म्हणून आपल्याला अंतराचा अंदाज येतो. 'आभासी वास्तव' दाखवणारा चष्मा प्रत्येक डोळ्याला असेच वेगळे चित्र दाखवतो. मग धडधडणारे हृदय जणू समोर हवेत तरंगते. डॉक्टर ते फिरवून, आत डोकावून पाहतात. हृदयाच्या भिंतीला जन्मापासून छिद्र असेल, तर ते कोठे व केवढे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच नीट समजते.

असे चष्मे अजून सर्वत्र पोहोचलेले नाहीत. परंतु पहिली तपासणी तुमच्या शाळेतच होते. २०१३ साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येऊन मुलांना तपासते. थोडे धावल्यावर फार दम लागत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. लाजू नका. यंत्र कितीही चांगले असले, तरी आधी तुम्ही बोलले पाहिजे.