धोका दुप्पट! पण कशाच्या दुप्पट?

ऑक्टोबर १९९५. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला: तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी झळकली आणि अनेक बायकांनी धसका घेऊन गोळ्याच बंद केल्या.

आकडा खोटा नव्हता, अर्धवट होता. आधीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० जणींमागे साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांनी दोघींना. म्हणजे वाढ ७,००० मागे एकीची! गरोदरपणात तर हा धोका गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. पण गोळ्या सोडल्याने नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले.

म्हणून ‘अमुक खाल्ल्याने धोका ५० टक्क्यांनी वाढतो’ असा फॉरवर्ड आला की एवढं बघा:

👉 मुळात धोका किती? हजारात दोन की शंभरात वीस?
👉 अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर?
👉 कारण सिद्ध झालंय, की दोन गोष्टी फक्त एकत्र दिसल्यात?

उत्तरं बातमीत नसतील तर घाबरून जाऊ नका. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय परस्पर बंद तर अजिबात करू नका.