डेंग्यूची टेस्ट : आधी तापाचा दिवस मोजा

पावसाळ्यात घरात कुणाला ताप भरला की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, “डेंग्यूची टेस्ट केली का?” टेस्ट निगेटिव्ह आली की सगळे निर्धास्त होतात. पण ताप येऊन किती दिवस झाले, हे क्वचितच कुणी विचारते. रक्तातल्या विषाणूचा माग काढणाऱ्या बायोसेन्सरबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज : बायोसेन्सर म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेतले महागडे यंत्र.
वस्तुस्थिती : मधुमेहींचा ग्लुकोमीटर हा बायोसेन्सरच आहे. नेमका पदार्थ ओळखणारा जैविक घटक आणि ती ओळख आपल्याला वाचता येईल अशी दाखवणारी सोय, एवढे दोन भाग त्यात असतात. डेंग्यूच्या झटपट चाचणीची पट्टी हे याच तत्त्वाचे साधे रूप. पट्टीवर टाकलेला नमुना हळूहळू पुढे झिरपतो. विषाणूचे ‘एनएस-१’ प्रथिन त्यात असेल, तर प्रतिपिंडे लावलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण त्याला चिकटतात आणि ‘टी’ या खुणेपाशी अडकतात. तिथे लालसर रेघ उमटते, कारण इतक्या बारीक कणांचे सोने पिवळे नव्हे, तर लाल दिसते. चाचणी नीट चालल्याची खूण असलेली ‘सी’ची रेघ मात्र प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे. ती नसेल तर चाचणी बाद.

गैरसमज : टेस्ट कधीही केली तरी चालते.
वस्तुस्थिती : डास चावल्यावर लक्षणे दिसायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. एनएस-१ तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत चांगले सापडते. आयजीएम प्रतिपिंडे मात्र पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम तपासले, तर डेंग्यू असूनही ते निगेटिव्ह येऊ शकते.

गैरसमज : निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाहीच.
वस्तुस्थिती : पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल, तर शरीरातली जुनी प्रतिपिंडे एनएस-१ला आधीच घेरतात आणि ते पट्टीच्या हाती लागत नाही. दुसऱ्यांदा होणारा डेंग्यूच अनेकदा जास्त गंभीर असतो. म्हणून झटपट चाचणीवर न थांबता प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीने खात्री करावी लागते. त्यासाठीचे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते.

गैरसमज : एकाच प्रतिपिंड चाचणीत डेंग्यू की झिका ते कळते.
वस्तुस्थिती : डेंग्यू आणि झिका एकाच कुळातले विषाणू असल्याने त्यांच्या प्रतिपिंडांची गल्लत होते. शिवाय एकाच रुग्णात दोन विषाणूही असू शकतात. पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात जुलै २०२१मध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा त्याच रुग्णाला चिकुनगुनियाही असल्याचे आढळले. अशा वेळी विषाणूची जनुकीय खूण शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी कामी येते.

गैरसमज : ग्लुकोज मोजता येते, तसे विषाणू मोजणे सोपे आहे.
वस्तुस्थिती : एक मिलिलिटर रक्तात सुमारे १ मिलिग्रॅम ग्लुकोज असते. एनएस-१ मोजावे लागते ते नॅनोग्रॅममध्ये, आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १० लाख नॅनोग्रॅम. त्यात रक्तातली इतर असंख्य प्रथिनेही सेन्सरला चिकटू पाहतात. ग्राफिनचे व विद्युत-रासायनिक सेन्सर यावर उपाय शोधत आहेत. पण प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट रुग्णांच्या रक्तावरही तितकीच खरी ठरावी लागते.

गैरसमज : ताप उतरला, धोका टळला.
वस्तुस्थिती : डेंग्यूत खरी काळजी घ्यायची ती ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्ट कसाही असो, तातडीने रुग्णालय गाठा. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

घरात ताप आला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा आणि डॉक्टरांना ती सर्वांत आधी सांगा. कोणती चाचणी करायची आणि निगेटिव्ह रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा, हे त्या तारखेवरच ठरते.