किराणा दुकानाचा मालक कोण?

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. त्याच्या ईशान्य भागात, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, विन-डिक्सी या साखळीने 1998 साली आपलं दुकान बंद केलं आणि पुढची अठरा वर्षं तिथे दुसरं मोठं किराणा दुकान आलं नाही. अशा वस्त्यांत गिऱ्हाईकच नसतं, हे नेहमीचं स्पष्टीकरण मला पटत नाही. माणसं तिथेच राहत होती, रोज जेवतही होती. फक्त दुकान ठेवायचं की उठवायचं हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून 2016 मध्ये रहिवाशांनी वर्गणी काढून स्वतःचं सहकारी दुकान उघडलं : सभासद हाच मालक आणि माणशी एक मत. ‘अपना बाजार’ पाहिलेल्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही.

मात्र हे दुकान जानेवारी 2019 मध्ये बंद पडलं. मग सहकाराने काय साधलं, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. मालकी हातात आली म्हणून घाऊक बाजारातला भाव उतरत नाही. एकट्या दुकानाला माल महाग पडतो, आणि इतक्या वर्षांत लोकांना लांबच्या दुकानांची सवय झालेली असते. अमेरिकेतल्याच डेट्रॉइट शहरातलं असंच सहकारी दुकान एकटं ठेवलेलं नाही. 2006 पासून अन्न-स्वावलंबनासाठी काम करणाऱ्या तिथल्या कृष्णवर्णीय संघटनेचं सात एकरांचं शेत आधीपासून होतं. मे 2024 मध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर दुकान उघडलं, तेही भाड्याने मिळणारी स्वयंपाकघरं आणि सभागृह असलेल्या इमारतीत. सभासदत्व एकदाच 200 डॉलर भरून मिळतं. मात्र उभारणीला दशकाहून अधिक काळ गेला आणि इमारतीचा कोट्यवधी डॉलरचा खर्च देणग्या, अनुदानं व कर्जांतून भागला. नुसत्या वर्गणीतून एवढं उभं राहत नाही, हे समर्थकांनीही मान्य करायला हवं.

सहकारात वंशाचा मुद्दा कशाला, हा दुसरा आक्षेप. डेट्रॉइटच्या दुकानाचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे. प्रश्न पुढाकार कुणाचा, हा आहे, आणि त्या पुढाकाराला जुना इतिहास आहे. कृष्णवर्णीयांच्या सहकारी उपक्रमांची नोंद कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1907 मध्येच केली होती. पुढे नागरी हक्क चळवळीत गाजलेल्या एला बेकर 1930 च्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांच्या सहकारी संघात काम करत होत्या. बँका आणि बाजार ज्यांना दाराबाहेर ठेवत होते, त्यांनी एकमेकांच्या पैशावर दुकानं काढली. डेट्रॉइटच्या सभासदांच्या हाती आज संचालक निवडायचा हक्क आहे. शेजारच्या साखळी दुकानात तीच साखर स्वस्त असेल, तेव्हा पिशवी घेऊन कुठे जायचं हेही त्यांनाच ठरवायचं आहे.