घरातले कार्यालय आणि मनातले समाधान

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि कार्यालय नावाची संस्था नोकरदाराच्या घरात येऊन बसली. त्या वेळी तो आपद्धर्म होता. आपत्ती ओसरली, पण घरून काम करण्याची रीत पुरती ओसरलेली नाही. व्यवस्थापकवर्गाचे लक्ष मात्र अद्यापि एकाच शंकेवर खिळलेले दिसते : घरी बसलेला माणूस खरोखर काम करतो काय? आमच्या मते ही शंका गौण आहे. त्या माणसाला आपल्या कामात समाधान लाभते किंवा नाही, याची चौकशी अगोदर व्हावयास हवी.

वरील शंकेचे उत्तर टाळेबंदीच्या कितीतरी आधीच मिळाले होते. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस शांघाय येथील दूरध्वनी केंद्रात नऊ महिन्यांचा एक प्रयोग आरंभिला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे २५० कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम करू दिले. विषम तारखेचे कार्यालयातच राहिले. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. घरून काम करण्याचे पुरस्कर्ते येथेच थांबतात. वास्तविक पुढचा भाग अधिक बोलका आहे. प्रयोग संपून निवडीची मोकळीक मिळताच घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे आपण होऊन कार्यालयात परतले. एकटेपणा त्यांना सोसवला नव्हता. शिवाय कामाच्या मानाने त्यांच्या वाट्याला बढत्याही कमी आल्या होत्या. साहेबांच्या दृष्टीआड गेलेला माणूस त्यांच्या स्मरणाआडही जातो, हे काही शांघायपुरते खरे नव्हे!

याच कंपनीने पुढे २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. या खेपेस आठवड्यातले दोनच दिवस घरचे होते. राजीनामे एक तृतीयांशाने घटले, समाधान वाढले आणि कामाला वा बढतीला बाध आला नाही. मात्रा बदलताच गुण बदलला.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती घराची. शांघायच्या पहिल्या प्रयोगात स्वतंत्र खोली असलेल्यांनाच घेतले होते. एकत्र कुटुंबाच्या सोप्यावर संगणक मांडून बसलेल्या सुनेला ‘घरीच तर आहेस’ असे म्हणून कोण हाक मारणार नाही? तिला दोन चाकऱ्या एकाच वेळी कराव्या लागतात आणि रजा एकीतूनही मिळत नाही. त्यात पहिल्याच पावसात वीज गेली की वरिष्ठांच्या दृष्टीने तो तिचाच दोष. काही आस्थापनांनी तर पडद्याची छायाचित्रे टिपणारी आणि कळफलकावरील ठोके मोजणारी यंत्रणा बसविली. दिवसभर संशयाखाली बसणाऱ्याला समाधान कोठून लाभणार? वेळेत झालेले आणि नीट झालेले काम मोजावे, ठोके कसले मोजता!

या बाबतीत पोर्तुगालचे उदाहरण गोमंतकीय वाचकांना रुचो वा न रुचो, अभ्यासण्याजोगे आहे. तेथे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्याने कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या काळात त्याच्याशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले. घरून काम केल्याने वाढणारा खर्च मालकाच्या माथी टाकला. त्याहून मार्मिक तरतूद अशी की, कर्मचाऱ्याचे एकाकीपण कमी व्हावे म्हणून प्रत्यक्ष भेटी घडवून आणणे हेही मालकाचेच कर्तव्य. करारात वेगळे ठरले नसल्यास त्या भेटींत दोन महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये. शांघायमध्ये जे प्रयोगाने उघड झाले, ते लिस्बनमध्ये कायद्याच्या कलमात उतरले.

आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काचे खाजगी विधेयक मांडले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही. तथापि सायंकाळनंतर दूरध्वनी न करणे, विजेच्या व इंटरनेटच्या बिलाचा वाटा उचलणे आणि बढतीची यादी करताना घरी बसलेल्यांची नावे आधी वाचणे, एवढ्यासाठी कोणत्याही कंपनीला संसदेची वाट पाहावी लागत नाही.