अल्पमोली टॅबची पंधरा वर्षे

२२ जुलै २०१० रोजी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत एका सपाट, हातात मावणाऱ्या संगणकाचा नमुना दाखवून त्याची किंमत ३५ डॉलर, म्हणजे सुमारे दीड हजार रुपये, राहील असे जाहीर केले, तेव्हा अमेरिकेत ४९९ डॉलरांना मिळणारा अ‍ॅपलचा आयपॅड बाजारात येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते आणि आपल्या देशात तर तो अद्याप पोचलाही नव्हता. पुढे जानेवारी २०११ मध्ये तो इथे आला, तो २७,९०० रुपये किंमत घेऊन. एकीकडे सरकारी आश्वासनाचे दीड हजार आणि दुसरीकडे परदेशी वस्तूचे अठ्ठावीस हजार, या दोन टोकांच्या मध्ये आपल्या ऐपतीला झेपेल आणि मुलाच्या उपयोगी पडेल असा टॅब शोधणारा मध्यमवर्गीय व निम्नमध्यमवर्गीय पालक गेली पंधरा वर्षे उभा आहे. त्याच्या वाट्याला या काळात काय आले, त्याचा हा मागोवा.

प्रारंभ अर्थातच ‘आकाश’पासून करावयास हवा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी, राजस्थान आयआयटीच्या देखरेखीखाली डेटाविंड या कंपनीने सिद्ध केलेला हा टॅब समारंभपूर्वक विद्यार्थ्यांच्या हाती देण्यात आला. सरकारी खरेदीचा दर सव्वादोन हजार रुपयांच्या घरात होता, आणि त्या दरात जे मिळत होते ते असे : ७ इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झ गतीचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि २,१०० एमएएच क्षमतेची बॅटरी. पडदा ‘रेझिस्टिव्ह’ जातीचा, म्हणजे त्यातील दोन पातळ थर दाबाने एकमेकांस टेकल्यावाचून स्पर्शाची दखल न घेणारा. त्यामुळे बोटाच्या हलक्या स्पर्शाने पान सरकण्याऐवजी नखाने वा काडीने दाबून ते ओढावे लागे. त्या पडद्याची आडवी रुंदी, टॅब उभा धरला असता, अवघी ४८० बिंदूंची आणि मोजपट्टीने सुमारे ९ सेंटिमीटरची. ए-फोर आकाराच्या, २१ सेंटिमीटर रुंदीच्या कागदासाठी मांडलेले पान त्यावर उघडले, की ते निम्म्याहूनही लहान होई, आणि ‘राष्ट्र’ किंवा ‘वैशिष्ट्य’ यांसारख्या शब्दांतील जोडाक्षरांचा नुसता काळा ठिपका उरे. त्यातच त्या पिढीच्या अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत देवनागरीची धड सोय नव्हती. मराठी संकेतस्थळ उघडावे, तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसे. ज्या मुलांच्या नावाने ही योजना आखली गेली, त्यांतील बहुसंख्य मुले आपापल्या मातृभाषेत शिकत होती, हे ध्यानी घेता ही उणीव मला साऱ्या उणिवांत सर्वाधिक गंभीर वाटते.

त्या योजनेमागील हेतू उदात्त होता, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. तथापि किंमत प्रथम जाहीर झाली आणि यंत्र मागाहून त्या किमतीत बसवावे लागले, हा तिचा मूळ दोष होय. पुढे तिची सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली आणि प्राध्यापक दीपक फाटक यांनी तिला खऱ्या अर्थाने अध्यापनाचे वळण दिले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झालेल्या ‘आकाश २’ मध्ये बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देणारा पडदा, १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम होती. विद्यार्थ्यासाठी त्याची अनुदानित किंमत ठरली होती १,१३० रुपये. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही यंत्रे कामी आली, हे या प्रयत्नाचे टिकाऊ फळ मानावे लागेल. परंतु देशभरच्या विद्यार्थ्यांना टॅब देण्याचा जो संकल्प होता, तो पुढील दोन-तीन वर्षांत दप्तरातच मागे पडला.

सरकारी तजवीज अशी रेंगाळत असताना बाजाराने मात्र आपली वाट शोधली होती. चीनमधील झुहाई येथील ऑलविनर या कंपनीने ‘ए-१०’ नावाची स्वस्त चिप काढली आणि तिच्या आधारावर कोणत्याही नावाचे, किंवा नावच नसलेले, टॅब तयार होऊ लागले. २०१२ च्या एप्रिलमध्ये मायक्रोमॅक्सने ६,४९९ रुपयांत ‘फनबुक’ काढला, तो याच वंशातला. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या सुमारास काउंटरच्या काचेखाली असे ७ इंची टॅब ओळीने मांडलेले असत. सोबत रेक्झिनच्या कव्हरात बसवलेला छोटा कीबोर्ड मिळे, आणि एवढ्या अल्प दरात घरी ‘कॉम्प्युटर’ येत आहे या समाधानात ग्राहक दुकानाची पायरी उतरे. या टॅबांचा चार्जर बहुधा गोल बारीक पिनेचा असे, मोबाईलच्या चार्जरशी त्याचे काही नाते नसे. पिन सैल झाली वा चार्जर हरवला, की तशीच पिन मिळणे दुरापास्त होई, आणि बाकी सर्व ठीकठाक असलेले यंत्र त्या एका कारणाने कपाटात जाऊन पडे. साठवणुकीची जागा ४ जीबी, आणि तीतील मोठा हिस्सा प्रणालीनेच व्यापलेला. त्यामुळे चार पुस्तके व दोन अ‍ॅप घातली, की जागा संपल्याची सूचना झळकू लागे. प्रणालीची नवी आवृत्ती तर यांना क्वचितच मिळे. पालकाने खरेदीच्या वेळी किंमत, इंच आणि कॅमेरा एवढेच विचारले होते. आणि दुकानदाराने सांगितलेही तेवढेच होते.

मधल्या काही वर्षांविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. फोनचेच पडदे मोठे होत गेले, सप्टेंबर २०१६ नंतर जिओमुळे डेटाचे दर कोसळले, आणि ज्यांनी टॅब घेतला असता त्यांनी फोन घेतला.

मग २०२० साल उजाडले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, जूनपासून वर्ग फोनवर भरू लागले, आणि एकाच फोनवर वडिलांचे काम व दोन मुलांचे तास कसे भागवावेत हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. या वेळी टॅबची आठवण झाली ती हौसेने नव्हे, निकडीने. सप्टेंबरमध्ये सॅमसंगचा ‘टॅब ए ७’ १७,९९९ रुपयांत आला. पुढल्या वर्षी रिअलमीने १३,९९९ रुपयांपासून आपला ‘पॅड’ विकण्यास काढला. हे दोन्ही १०.४ इंची होते, आणि दोहोंच्या पडद्यांवर ‘आकाश’च्या पडद्याहून सहापट बिंदू होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेतच. ए-फोरचे पान या पडद्यावर सुमारे दोनतृतीयांश आकाराने उमटते, आणि मात्रा, रफार, अनुस्वार डोळ्यांना ताण न देता वाचता येतात. माझ्या मते अल्पमोली टॅब खऱ्या अर्थाने पुस्तकाच्या योग्यतेचा झाला तो या टप्प्यावर. याच काळात राज्य शासनाच्या नागपूर येथील ‘महाज्योती’ संस्थेने जेईई, नीट आणि सीईटी परीक्षांची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांना टॅब देण्यास आरंभ केला. सरकारने स्वतः यंत्र घडविण्यापेक्षा बाजारातील बरे यंत्र निवडून गरजूंच्या हाती द्यावे, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप व टॅब यांच्या आयातीस परवाना आवश्यक करणारा हुकूम निघाला, दुसऱ्याच दिवशी त्यास मुदतवाढ मिळाली, आणि किमती भडकतील ही भीती काही आठवड्यांत ओसरली. त्यानंतर अकरा इंची टॅबसुद्धा बारा-तेरा हजारांत मिळू लागले आहेत. पडद्याचा प्रश्न असा बव्हंशी सुटला. आता टॅबचे आयुष्य ठरते ते डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टींवर. ६,००० रुपयांचा टॅब दीड वर्षात निकामी झाला, तर तो वर्षाला ४,००० रुपयांस पडला. १५,००० रुपयांचा पाच वर्षे चालला, तर वर्षाला ३,००० रुपयांस. आणि तो पाच वर्षे चालावयाचा, तर कंपनीने सुरक्षाविषयक अपडेट किती साली थांबणार हे लेखी सांगितलेले असले पाहिजे, रॅम किमान ४ जीबी व साठवण ६४ जीबी असली पाहिजे, आणि चार्जिंगसाठी सर्वत्र मिळणारा टाइप-सी पोर्ट असला पाहिजे. व्हिडिओवरचे तास पाहावयाचे असल्यास ‘वाइडवाइन एल-१’ प्रमाणपत्र आहे की नाही हेही विचारावे. ते नसेल, तर अनेक सशुल्क सेवा उत्तम पडद्यावरही धूसरच चित्र दाखवतात. सिमकार्डाच्या सोयीसाठी वेगळे पैसे मोजण्याचे मात्र मला प्रयोजन दिसत नाही. घरातील फोनच्या हॉटस्पॉटवर ते काम भागते.

बारा ते पंधरा हजारांची तरतूद असलेल्या पालकाने याच निकषांवर दहा-अकरा इंची, केवळ वाय-फायचा टॅब घ्यावा आणि कॅमेऱ्याच्या आकड्यांकडे लक्षच देऊ नये. तेवढी रक्कम हाती नसेल, तर पाच-सहा हजारांचा अनोळखी नावाचा टॅब घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मुलाला छापील पाठ्यपुस्तक द्यावे, घरातील फोन दिवसातून तासभर त्याच्या स्वाधीन करावा, आणि पुरेशी रक्कम साठेपर्यंत ही खरेदी खुशाल लांबणीवर टाकावी.