शेलची शिस्त आणि परक्या यंत्राची भाषा



शेतांतील ओल मोजणारें लहानसें यंत्र बनविण्याचें वाशिमकडील एखाद्या विद्यार्थ्यानें मनावर घेतलें, तर आज त्याच्या हातीं स्वदेशी चिप येऊं शकते. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेच्या तिरुवनंतपुरम् केंद्रानें 'तेजस-३२' ही चिप रचिली आहे. तिची अंगची स्मृति अवघी २५६ किलोबाइट. आपलें लिखाण यंत्रभाषेंत उतरविणारा कंपायलर एवढ्या जागेंत मावत नाहीं. म्हणून तें काम घरच्या संगणकावर करून तयार प्रोग्राम चिपमध्यें भरावा लागतो. ह्यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

येथें शेलशीं गांठ पडते. शेल म्हणजे आपण टंकलेली आज्ञा योग्य प्रोग्रामापर्यंत पोंचविणारा कारभारी. 'पाथ' ह्या नांवाखालीं लिहिलेल्या फोल्डरांत तो क्रमानें शोध घेतो आणि प्रथम सांपडेल तोच प्रोग्राम चालवितो. नुसतें 'जीसीसी' म्हटलें, तर तो बहुधा घरचाच कंपायलर पुढें करील. साध्या प्रोग्रामाच्या बाबतींत तक्रारही होत नाहीं. परंतु निपजलेली भाषा घरच्या यंत्राची असते! चिप मुकी राहते, आणि बिचारा विद्यार्थी तारांचे डाख तपाशीत बसतो.

ह्यासाठीं चार नियम पाळावे. पहिला: परक्या यंत्राचा उल्लेख असलेलें कंपायलरचें पूर्ण नांव 'सीसी' ह्या चलांत घालावें व त्याचें फोल्डर 'पाथ'च्या आरंभीं ठेवावें. दुसरा: चलास किंमत देऊन तो 'एक्स्पोर्ट' करावा, त्यावांचून ती किंमत 'मेक'सारख्या पुढील प्रोग्रामांस कळत नाहीं. मेकफाइलींतच 'सीसी' नेमलेला असल्यास तोही तपासावा. तिसरा: मागील कामांतील 'सीफ्लॅग्ज' वगैरेंचें उष्टें नव्या कामांत येऊं नये, म्हणून 'एन्व्ह' आज्ञेस उणे आय जोडून कोऱ्या पाटीचा शेल उघडावा. चौथा: 'बॅश' शेल एकदां सांपडलेल्या प्रोग्रामाची जागा लक्षांत ठेवतो, नवा कंपायलर बसविल्यावर 'हॅश' आज्ञेस उणे आर जोडून ती आठवण पुसावी.

ही मांडणी शेल उघडतांच आपोआप वाचिल्या जाणाऱ्या फाइलींत मात्र घालूं नये. नाहींतर घरचीं कामेंही परक्या भाषेंत होऊं लागतील. प्रत्येक कामाची निराळी फाइल करावी व कामापुरतीच ती 'सोर्स' करावी.

चिप भरण्यापूर्वीं तयार प्रोग्रामावर 'फाइल' ही आज्ञा चालवावी. 'रिस्क-फाइव्ह' असें उत्तर आलें तर मार्ग बरोबर आहे. 'एक्स-८६' आलें तर चिपेस दोष देऊं नये. कारभाऱ्यास आपण काय सांगितलें होतें, तें आधीं पाहावें.